जुनी गाडी देऊन नवी घेताना: एक्स्चेंजचा आकडा कसा ठरतो आणि कसा तपासायचा

शोरूममधला एक माणूस तुमच्या जुन्या गाडीभोवती फिरतो. बोनेट उघडून बघतो, दारांच्या कडांवरून बोट फिरवतो, इंजिन सुरू करून क्षणभर कान देतो आणि आत निघून जातो. थोड्या वेळानं एक आकडा येतो. पहिल्यांदाच गाडी बदलणाऱ्या बहुतेकांना तो आकडा कुठून आला हे कळत नाही, आणि तो कमी वाटला तरी काय बोलावं हे सुचत नाही. पहिल्या खेपेला माझंही तेच झालं. तशाच गाड्यांच्या जाहिराती इंटरनेटवर बघून मी एक किंमत मनात धरून गेलो होतो. समोरून आलेला आकडा त्याच्या पाऊणपटही नव्हता. आपल्याला फसवतायत असं वाटून मी चिडलो. प्रत्यक्षात मी चुकीच्या किमतीशी तुलना करत होतो, आणि जिथे खरोखर पैसे गेले त्या जागेकडे माझं लक्षच नव्हतं. तुमची पहिली खेप अशी जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

पुढच्या उदाहरणांत नव्या गाडीची किंमत सगळीकडे १०० धरली आहे. तुमचे आकडे त्या जागी घालून बघा.

दुकानदाराचा हिशेब उलटा चालतो

एकाच गाडीला एकाच दिवशी तीन किमती असतात. वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात ती ज्या किमतीला विकली जाते ती सगळ्यात वरची. तुम्ही स्वतः एखाद्या गिऱ्हाइकाला परस्पर विकली तर मिळते ती मधली. आणि दुकानदार तुमच्याकडून ज्या किमतीला घेतो ती सगळ्यात खालची. जाहिरातीत दिसतो तो वरचा आकडा, आणि तोही मागितलेला. सौदा कितीला तुटला हे जाहिरात सांगत नाही.

वरच्या आकड्यावरून खालच्या आकड्यापर्यंत दुकानदार कसा येतो ते बघू. समजा, तुमची गाडी आपण ४० ला विकू शकू असा त्याचा अंदाज आहे. सर्व्हिसिंग, रंगाचे ओरखडे, दोन टायर यांचे ३ गेले. विकली जाईपर्यंत ती उभी राहणार, त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज, जागा आणि विमा मिळून १ गेला. विकणाऱ्यांचे पगार आणि नफा यांचे ४. आणि आत्ता न दिसलेलं काही उद्या निघालं तर, म्हणून २ बाजूला. उरले ३०. तुम्हाला सांगितला जातो तो हा आकडा.

यातलं नफा आणि जागेचं भाडं तुमच्या हातात नाही. दुरुस्तीचे ३ थोडेफार आहेत. पण सगळ्यात जास्त हलवता येतात ते शेवटचे २, म्हणजे जोखमीपोटी कापलेले. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञानं नेमका हाच मुद्दा वापरलेल्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन मांडला होता: विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत दोष असू शकेल असं धरूनच किंमत लावतो आणि चांगल्या गाडीलाही तिची खरी किंमत मिळत नाही. बाजारातल्या अशा असमान माहितीवरच्या कामासाठी त्याला आणखी दोघांबरोबर २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. गाडीबद्दल जेवढं कागदावर सिद्ध करून दाखवाल, तेवढी जोखमीची कपात कमी.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. तुमची गाडी तोच दुकानदार विकेल असं नाही. त्याच्याकडे ज्या कंपनीची गिऱ्हाइकं येतात त्या कंपनीची गाडी तो स्वतःच्या आवारात लावतो. बाकीच्या सरळ घाऊक व्यापाऱ्याला किंवा लिलावात जातात, आणि तिथला भाव आणखी खाली असतो. म्हणून एकच गाडी दोन शोरूमना दाखवली की आकड्यांत चांगलाच फरक पडू शकतो. त्यामागे कुणाचा कपटीपणा असेलच असं नाही. एकाला ती गाडी हवी असते, दुसऱ्याला नको असते.

पहिली पायरी: घरबसल्या आपला पट्टा ठरवा

एक नेमकी किंमत मनात धरू नका. खालचा आणि वरचा आकडा धरा. वरचा आकडा मिळवायला आपल्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या, साधारण तेवढ्याच चाललेल्या आठ-दहा गाड्यांच्या जाहिराती बघा आणि त्यातल्या सगळ्यात महाग दोन सोडून द्या. त्या बहुधा महिनोन्‌महिने तशाच पडून असतात. खालचा आकडा मिळवायला गाड्या विकत घेणाऱ्या दोन-तीन कंपन्यांकडून लेखी भाव काढा. बऱ्याच ठिकाणी हे फुकट होतं आणि काही दिवस तो भाव कायम राहतो. ज्याला तुम्हाला नवी गाडी विकायचीच नाही, त्याचा आकडा सगळ्यात स्वच्छ असतो. तो कागद खिशात असणं म्हणजे पुढच्या सगळ्या बोलण्याचा पाया.

हे करताना गाडीचं वय विसरू नका. साधारणपणे नवी गाडी पहिल्याच वर्षात किमतीच्या १५ ते २० टक्के उतरते आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येते. मॉडेलप्रमाणे यात बराच फरक पडतो. ज्या गाडीचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि जी कुठल्याही मेकॅनिकला दुरुस्त करता येते ती सावकाश उतरते. दिमाखदार महागड्या गाड्या भराभर उतरतात, कारण त्या सेकंडहँड घेणाऱ्याला देखभालीचा खर्च मात्र नव्या गाडीइतकाच येतो.

ओडोमीटरवरच्या आकड्याचीही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या २ कोटी २० लाखांहून जास्त सौद्यांवर २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दर १०,००० मैलांचा टप्पा ओलांडला की किंमत एकदम खाली येते, असं त्यात दिसलं. गाडीत त्या चार मैलांनी काहीच बदललेलं नसतं, पण घेणारा पहिला अंक बघतो. तुमची गाडी अशा गोल आकड्याच्या अलीकडे असेल तर पुढच्या महिन्याऐवजी याच महिन्यात दाखवा. हीच गोष्ट वॉरंटीची: ती संपायला थोडे महिने उरलेली गाडी आणि कालच संपलेली गाडी यांच्या भावात फरक पडतो. तुमच्याच मॉडेलचा नवा अवतार बाजारात येणार असेल तर त्याच्या आधी.

दुसरी पायरी: गाडी तयार करा, पण पैसे उधळू नका

आधी कुठे खर्च करू नये ते सांगतो, कारण चुका तिथेच होतात. विकण्याआधी चारही नवे टायर घालणं, पूर्ण गाडी रंगवून घेणं, महागडी म्युझिक सिस्टिम बसवणं, यातलं काहीच भरून येत नाही. दुकानदाराला ही कामं तुमच्यापेक्षा स्वस्तात करून मिळतात, त्यामुळे तुम्ही घातलेल्या ३ मुळे तो भाव फार तर १ ने वाढवतो. ताजा रंग तर उलट संशय वाढवतो.

भरून येतो तो बारीकसारीक खर्च. आतून-बाहेरून नीट धुलाई, सिगारेटचा किंवा कुत्र्या-मांजराचा वास घालवणं, जळालेले बल्ब, फाटलेले वायपर, हरवलेलं चाकाचं झाकण. दुसरी किल्ली शोधा. आजकालच्या चिप असलेल्या किल्ल्या महाग असतात आणि ती नसली की थेट कपात होते. सर्व्हिसची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवा. टायमिंग बेल्ट, क्लच, बॅटरी असं एखादं मोठं काम झालं असेल तर ते बिल सगळ्यात वर.

डॅशबोर्डवर दिवा लागलेला असेल तर तसाच नेऊ नका. दिवा बघितला की समोरचा सगळ्यात वाईट शक्यता धरतो, आणि ती इंजिन किंवा गिअरबॉक्सची असते. आधी तपासून घ्या. कित्येकदा एखादा सेन्सरच गेलेला असतो. दोष मोठाच निघाला तर दुरुस्त करायची घाई न करता खर्चाचा लेखी अंदाज घेऊन जा. म्हणजे कपात त्या अंदाजापुरती राहते, समोरच्याच्या भीतीइतकी होत नाही.

तपासणारा काय बघतो

हे कळलं की त्याच्या आधी तुम्हीच गाडी तपासू शकता.

तो बोटभर जाडीचं एक यंत्र पत्र्याला टेकवत जातो. त्यानं रंगाची जाडी कळते. कारखान्यातला रंग बहुतेक गाड्यांवर साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर तो एकदम ३०० दाखवू लागला की ते दार पुन्हा रंगवलेलं, आणि आणखी पुष्कळ वर गेला की आत पुटी भरलेली. मग तो बोनेट आणि फेंडरच्या बोल्टची डोकी बघतो, पान्याच्या खुणांनी रंग उडालाय का म्हणून. काचांच्या कोपऱ्यात निर्मितीच्या खुणा असतात. एकच काच बाकीच्यांपेक्षा नवी असेल तर ती का बदलली असा प्रश्न येतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटरच्या खाली टायर चालवणं बेकायदा आहे. टायर एका कडेनंच झिजला असेल तर चाकांची ठेवण बिघडल्याचं ते चिन्ह.

पुढे तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावून गाडीच्या संगणकातले कोड वाचतो. आदल्या दिवशी कोड पुसून दिवा विझवून नेला तरी त्याला कळतं. कोड पुसले की गाडी स्वतःवर करत असलेल्या चाचण्यांच्या नोंदीही कोऱ्या होतात, आणि बऱ्यापैकी चालवल्याशिवाय त्या पुन्हा भरत नाहीत. शेवटी तो १७ अक्षरी चासी क्रमांक कागदांशी जुळवतो आणि जिथे सोय असेल तिथे त्यावरून अपघात, विमा, चोरी यांचा इतिहास काढतो.

म्हणून अपघात लपवू नका. मी हे नीतीसाठी जेवढं सांगतोय तेवढंच हिशेबासाठीही. लपवलेली एक गोष्ट सापडली की आणखी दहा असतील असं तो धरतो, आणि जोखमीचे २ होते त्याचे ५ होतात. तेच तुम्ही आपणहून सांगितलंत, दुरुस्तीचं बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो दाखवलेत, तर कपात त्या एका दाराची होते.

विजेवरच्या गाडीत सगळा जीव बॅटरीत. नवी असताना जेवढी वीज साठायची त्याच्या किती टक्के आता साठते, याचा अहवाल कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातून किंवा स्वतंत्र तपासणीतून घेऊन जा. बऱ्याच कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आणि किमान ७० टक्के क्षमता अशी हमी देतात. त्यातली किती शिल्लक आहे हे आकड्यात सांगता आलं पाहिजे.

तिसरी पायरी: कर्ज बाकी असेल तर

बँकेकडून आजच्या तारखेला कर्ज फेडायची पूर्ण रक्कम लेखी मागवा. मुदतीआधी फेडल्याचा आकार त्यात आहे का ते बघा. गाडीला ३० येतायत आणि बाकी २० असेल तर तुमच्या हातात खरे १० आहेत.

अवघड प्रसंग उलटा. गाडीला ३०, आणि बाकी ३६. अशा वेळी शोरूममध्ये हमखास ऐकू येतं, 'काळजी करू नका, ते आम्ही नव्या कर्जात घालून देतो.' म्हणजे १०० च्या गाडीवर १०६ चं कर्ज, आणि वर्षभरात ती गाडी ८०-८५ वर आलेली असणार. पुढच्या खेपेला खड्डा आणखी खोल होतो. मधेच गाडी चोरीला गेली किंवा अपघातात संपली तर विमा गाडीची किंमत देतो, कर्जाची नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे ६ रोख भरता येत नसतील तर गाडी बदलायची वेळ अजून आलेली नाही. वर्षभर हप्ते फेडत जुनीच चालवा.

चौथी पायरी: दोन सौदे वेगळे ठेवा

पहिल्या खेपेला माझे पैसे गेले ते इथे. नवी गाडी घेणं आणि जुनी विकणं हे दोन वेगळे सौदे आहेत, आणि ते एकत्र कालवले की कुठे काय वाढलं, कुठे काय कापलं हे दिसेनासं होतं.

दोन शोरूम घेऊ. पहिला म्हणतो: नव्या गाडीवर ४ ची सूट, तुमच्या जुनीला ३०. दुसरा म्हणतो: तुमच्या जुनीला चक्क ३४! घरी जाऊन कुणीही कौतुकानं ३४ च सांगेल. पण दुसऱ्यानं नव्यावर सूट दिलेली नाही आणि २ चं अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज सक्तीचं केलंय. पहिल्याकडे भरायचे ६६. दुसऱ्याकडे ६८.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नव्या गाडीची कर, नोंदणी, विमा सगळं धरून अंतिम किंमत लेखी घ्या, जुनी गाडी द्यायची आहे की नाही हे 'अजून ठरलं नाही' म्हणून. ते खरंही असतं. मग जुनी दाखवा आणि तिचा आकडा वेगळा लिहून घ्या. 'एक्स्चेंज बोनस' म्हणून काही मिळत असेल तर तो कंपनीकडून आहे की जुनीचाच भाव कापून दिलेला, हे विचारा: 'जुनी दिली नाही तर नव्याची किंमत काय, आणि नवी घेतली नाही तर जुनीला काय द्याल?' या एका प्रश्नाला सरळ उत्तर देणाऱ्याशी पुढे बोलावं. तुलना करताना मात्र शेवटी एकच आकडा बघायचा, खिशातून जाणाऱ्या फरकाचा.

जुनीच्या भावावर घासाघीस करताना 'एवढं कमी कसं?' असं म्हणून काही होत नाही. 'कशाचे किती कापलेत ते सांगा' असं म्हणा. टायरचे दीड कापले असतील आणि तुमच्या टायरला सहा मिलिमीटर नक्षी असेल, तर बोलायला जागा आहे. दुसऱ्या कंपनीचा लेखी भाव जास्त असेल तर तो तेव्हा टेबलावर ठेवा, त्याच्या आधी नाही.

हप्त्याच्या आकड्यापासून सावध

'महिन्याला किती परवडेल?' हा प्रश्न लवकर येतो. त्याला आकड्यात उत्तर देऊ नका. का, ते बघा. ७० चं कर्ज, वर्षाला ९ टक्के व्याज, मुदत पाच वर्षं: हप्ता साधारण १.४५, एकूण फेड ८७. आता जुन्या गाडीला ४ कमी दिले, त्यामुळे कर्ज ७४ झालं, आणि मुदत सात वर्षं केली: हप्ता साधारण १.१९. महिन्याचा आकडा कमी झाला, तुम्ही खूश. पण एकूण फेड १०० झाली. जुन्या गाडीचे कापलेले ४ लांबलेल्या मुदतीखाली कुठेच दिसत नाहीत. एकूण रक्कम, मुदत आणि दर हे तिन्ही ठरल्यावरच हप्ता विचारा.

स्वतः विकावी का?

परस्पर विकली तर जास्त मिळतं. वरच्या उदाहरणात ३० ऐवजी ३४-३५ मिळू शकतात. त्या बदल्यात अनोळखी लोकांचे फोन, चालवून बघायला देण्याची जोखीम, पैसे खात्यात खरोखर आले का याची खात्री, नावबदलाचे कागद आणि काही आठवडे. जुनी, भरपूर चाललेली पण ठणठणीत गाडी असेल तर मी परस्पर विकण्याच्या बाजूनं आहे, कारण शोरूम अशा गाडीला घाऊक भावच देतो.

एक हिशेब मात्र आधी करा. काही ठिकाणी नव्या गाडीवरचा कर पूर्ण किमतीवर न लागता जुनीची किंमत वजा करून उरलेल्या फरकावर लागतो. तसं असेल आणि कर १० टक्के असेल, तर जुनी ३० ला दिल्यानं कराचे ३ वाचतात. मग परस्पर विक्रीत ३३ च्या वर मिळाले तरच फायदा. तुमच्याकडे नियम काय आहे ते नोंदणी कार्यालयात विचारून घ्या.

गाडी सोडताना

भाव ठरला की तो कागदावर घ्या: गाडीचा क्रमांक, रक्कम, ती कुठल्या तारखेपर्यंत कायम आहे आणि नवी गाडी उशिरा आली तर काय. नवी मिळायला दोन महिने लागणार असतील तर 'त्या वेळी पुन्हा तपासू' हे वाक्य धोक्याचं आहे. तोवर किती किलोमीटर चालवलेली चालेल ते लिहून घ्या.

आदल्या दिवशी गाडीच्या स्क्रीनमधून फोनची जोडणी, संपर्क आणि नकाशातला घरचा पत्ता पुसा, सगळं मूळ स्थितीवर आणा. फोनमधल्या अ‍ॅपमधून गाडी काढून टाका, नाहीतर नवा मालक कुठे फिरतोय हे तुम्हाला दिसत राहील. टोलचा टॅग, गेटचा रिमोट, डिकीतले आणि सीटखालचे कागद काढा.

ताबा देताना तारीख, वेळ आणि ओडोमीटरचा आकडा घालून दोन्ही बाजूंच्या सह्यांची पावती करा, आणि ओडोमीटरचा फोटो काढा. नावबदल होईपर्यंत सरकारी नोंदीत मालक तुम्हीच असता. कुणी सिग्नल तोडला किंवा कुणाला धडक दिली तर पहिली नोटीस तुमच्या दारात येते, आणि त्या दिवशी गाडी तुमच्याकडे नव्हती हे दाखवायला ही पावती लागते. विमा बंद करण्याची किंवा नव्या गाडीवर वळवण्याची घाई करू नका. नावबदलाचा पुरावा हातात आल्यावर करा. शोरूमला त्यासाठी एक तारीख विचारा, ती कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी फोन करा.